डबलबाई

कॉलेजच्या जिन्यात, मधल्या वळणावर, बाई चक्क पायरीवर बसत. मागून येणारी आमची रांग थांबे. "थांबा गं, जरा जीव वर येऊ दे," असं म्हणून पदरानं मान पुसत. वर्गात शिरण्याआधीच त्यांचा अर्धा दिवस संपलेला असे. घरी अर्धांगानं पडलेली आई. पहाटे उठून तिचं सगळं करायचं, स्वयंपाक उरकायचा, शेजारच्या जैनबींना आईजवळ बसायला हाक मारायची आणि मग कॉलेज.

बाई वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. त्यांचं 'डबलबाई' हे नाव फुलांतल्या दुहेरी फलनावरून, म्हणजे 'डबल फर्टिलायझेशन'वरून पडलं. तो धडा त्या बसूनच सांगत, हळू आवाजात. "परागनलिका बीजांडात शिरते. दोन नरपेशी सोडते. एक अंडपेशीत मिसळते, तिचा गर्भ होतो. दुसरी मधल्या दोन केंद्रकांशी मिळते, तिच्यातून गर्भाचं अन्न तयार होतं."

"म्हणजे बाई, दुसरी बिचारी नुसता डबा भरायला?" एकदा कुणीतरी विचारलं.

"बिचारी कशाला? डबा नसला तर पहिलीचं पोर जगेल कशावर? परीक्षेत दोन्ही लिहा."

पुढे मी त्यांच्याच प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर झाले, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचं दुखणं कळलं. पन्हाळ्याच्या उतारावर पावसाळ्यात थोडे दिवस फुलणारं एक रानफूल त्यांनी घेतलं होतं. ही दोन्ही मीलनं त्यांना एकाच वेळी डोळ्यांनी पाहायची होती. ब्रशनं पराग लावायचे, काही तासांनी फूल खुडून स्पिरिटच्या बाटलीत टाकायचं, मग मेणात बसवून पातळ चकत्या कापायच्या, रंगवायच्या. वर्षानुवर्षं हेच. "एक तर वऱ्हाड आलेलं नसतं, नाहीतर पंगती उठलेल्या असतात," बाई सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढून म्हणत. मध्येच वीज जाई, मेण थिजे. त्या रागावतसुद्धा नसत. रागवायलाही अंगात काही लागतं.

गडहिंग्लजहून भाऊ येई. "आक्का, त्या फुलांचा नाद सोड की आता," म्हणे. आईला घेऊन जातो, असं मात्र कधी म्हणाला नाही.

एका वर्षी आईचं जास्त होतं आणि उतारावर फुलं आली होती. बाई दारात घुटमळत होत्या. जैनबी म्हणाल्या, "तुमी जावा की. म्हातारीला मी बगतो."

आम्ही दोघी एसटीनं गेलो. दिवसभर पावसात भिजत फुलं खुडली. संध्याकाळी परतलो, तर गल्लीतली माणसं दारात उभी होती. जैनबी पुढे आल्या. "दुपारी गेली. माझ्या हातनं पाणी पिली, न् डोळं मिटलं."

बाईंनी बाटल्यांची पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि आईच्या पायाशी बसल्या. रडल्या नाहीत. फुलांपायी आईला एकटं सोडलं, असं गल्ली पुढे बरेच दिवस बोलत राहिली. बाटल्या प्रयोगशाळेत आल्या, पण बाईंनी त्यांना हात लावला नाही.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या आपण होऊन आल्या आणि कापायला बसल्या. बऱ्याच दिवसांनी एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. "बघ. मला काहीही दिसायला लागलंय, तू सांग."

मी डोळा लावला. अंडपेशीच्या केंद्रकाला चिकटलेला एक गडद ठिपका. आणि वर, दोन मोठ्या केंद्रकांना टेकलेला तसाच दुसरा.

"दोन्ही आहेत, बाई."

त्यांनी पुन्हा एकदा स्वतः डोळा लावून पाहिलं. मग म्हणाल्या, "लोक म्हणतात आई एकटी गेली. एकटी नव्हती. जैनबी होत्या. मी नव्हते, एवढंच."

बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला त्या आठवतात प्रबंधाची पदवी मिळाली त्या दिवशीच्या. भाऊ पेढे घेऊन आला होता. बाईंनी पेढ्यांचा पुडा उचलला आणि सगळ्यात आधी जैनबींच्या दारात गेल्या. मी बरोबर होते.

"काय बगितलासा म्हणं येवढं?" जैनबींनी विचारलं.

बाई उंबऱ्यावर बसल्या आणि सांगत राहिल्या. परागनलिका, दोन पेशी, एकीचा गर्भ, दुसरीचं अन्न. जैनबींनी हातातलं शिवण बाजूला ठेवून सगळं ऐकलं.

"आन् ह्ये तुमी तुमच्या डोळ्यांनी बगितलासा?"

"बघितलं."

"मग बास की. आता आडवं व्हा जरा."

जैनबींनी चटई झटकून आत अंथरली. आणि बाई, भरदुपारी, परक्याच्या घरात, खरंच आडव्या झाल्या.