उलटा फिरणारा पंखा

पनवेलला आमचं घर मुंबई-पुणे रस्त्याला लागून होतं आणि ओटीवर गाड्यांत हवा भरायचा कॉम्प्रेसर होता. आमच्या लग्नानंतर वर्षभरात ह्यांनी तो मुंबईच्या भंगारबाजारातून आणला, सगळा खोलला आणि पुन्हा जोडून चालू केला. ट्रकवाले, सायकलवाले दारात थांबायचे. पुढे ह्यांना बोटीवर, इंजिनखान्यात काम मिळालं. हे गेले आणि हवा भरायचं काम मामंजी, म्हणजे माझे सासरे, बघू लागले.

ह्यांच्या मागे घरात एक वाक्य राहिलं होतं, "तो आल्यावर बघू." कौलं गळायला लागली, तो आल्यावर बघू. मुलीचे कान टोचायचे होते, तेही तो आल्यावर. मीही तसंच म्हणायची. म्हटलं की ह्यांचं येणं जरा पक्कं झाल्यासारखं वाटायचं.

एका दुपारी मी ओटीच्या कडेला तांदूळ निवडत होते. कॉम्प्रेसर चालू होता. अचानक ताडकन आवाज झाला आणि माझ्या बाजूच्या भिंतीचा गिलावा उडाला. मामंजींनी धावत जाऊन बटण बंद केलं. यंत्राच्या मोठ्या चाकावर एक पंखा बसवलेला होता. यंत्र तापू नये म्हणून तो त्याच्यावर वारा घालायचा. त्याचं एक पातं मोडून भिंतीवर आदळलं होतं.

मामंजींनी ते पातं उचलून बाजूला ठेवलं. मग गोणपाट आणून त्यांनी यंत्र झाकलं.

"तो आल्यावर बघेल," ते म्हणाले.

त्यानंतर ओटी गप्प झाली. ट्रक थांबायचे, मामंजी आतूनच हात हलवायचे, ट्रक पुढे जायचे. त्या धडधडीला मी किती वैतागलेली असायची, पण आता मुलीला थोपटताना कान तिकडेच लागायचे. ते यंत्र चालू असलं की हे ओटीवर आहेत असं मला वाटायचं, ते तेव्हा कळलं. चौथ्या-पाचव्या दिवशी मी मामंजींना म्हटलं, "ह्यांना यायला अजून वर्ष आहे. आपण करून घेऊ."

"त्याचं यंत्र आहे, मुली."

"म्हणूनच."

 दुसऱ्या दिवशी मामंजी टोपी घालून पळस्प्याला गेले आणि ह्यांच्या ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन आले. तो उरणकडचा मुसलमान, ह्यांच्याच वयाचा. त्याने चाक हाताने फिरवून पाहिलं.

"भाभी, असाच पंखा मिळणं मुश्किल. भंगारातल्या गाडीचा बसवून देतो. चालेल?"

त्याने आणलेला पंखा काळा आणि जुन्याहून थोडा लहान होता. मधलं भोक कानशीने घासून मोठं करावं लागलं. बसवला, पट्टा चढवला, यंत्र सुरू झालं. मामंजी खुश झाले. मी चहा घेऊन समोर उभी होते. माझा पदर उडायला लागला.

"वारा माझ्याकडे येतोय," मी म्हटलं. "यंत्रावर नको का जायला?"

मेकॅनिकने वाऱ्यात हात धरून पाहिला आणि तो हसला. "खरं आहे. याची पाती दुसऱ्या बाजूला झुकलेली आहेत."

"मग उलटा करून बसव," मामंजी म्हणाले.

"पालथा घातला तरी वारा तिकडेच जाणार, चाचा. चाकच उलटं फिरवायला पाहिजे."

त्याने मोटर उघडून तारांची अदलाबदल केली. चाक उलटं फिरू लागलं आणि माझा पदर खाली आला. यंत्र चाललं, तापलं नाही. फक्त आवाज वेगळा होता, थोडा बारीक. मेकॅनिक गेल्यावर मी आत जाऊन चुलीपाशी बसले आणि रडले. यंत्र सुरू झालं होतं आणि त्यात ह्यांचा हात कुठेच नव्हता.

त्याच महिन्यात मामंजींनी कौलं चाळून घेतली. मुलीचे कानही टोचून झाले.

हे आले ते वर्ष उलटून गेल्यावर. सामान खाली ठेवलं, मुलगी परक्यासारखी बघत होती तिला जवळ घेतलं आणि मग ओटीवर फिरणाऱ्या चाकाकडे बघत राहिले.

"हे उलटं कोणी केलं?"

"आम्ही," मामंजी म्हणाले.

मला वाटलं, हे आता सगळं सोडवून पुन्हा पहिल्यासारखं करतील. पण ह्यांनी पंख्याला हात लावला नाही. सुट्टीचे तीन महिने मात्र रोज संध्याकाळी, काही बिघडलेलं नसताना, यंत्राशी बसायचे. तेल बदलायचे, नळ्या पुसायचे. जेवायला दोनदा हाका माराव्या लागायच्या. मग हे परसात यायचे, हात पुढे करायचे आणि मी तांब्याने पाणी घालायची. तेल लवकर निघायचं नाही. तांब्या रिकामा झाला की मी पुन्हा भरून घ्यायची आणि सावकाश ओतायची.