मागचे दोन स्पीकर

बाबांचे कान गेले, असं मी पहिल्यांदा म्हटलं ते चार माणसांसमोर, आणि हसत हसत. ती माणसंही हसली. बाबा दिवाणावर बसले होते. तेही थोडे हसले.

मी सौंसरला कचेरीत बाबू आहे आणि राहायला पांढुर्ण्याला. रोज बसनं जाणं-येणं. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आई गेल्यापासून त्यांचा दिवस दोन गोष्टींवर चालतो, सकाळचा पेपर आणि भजनी मंडळ. मंडळात ते तबला वाजवतात. वाजवतात बरे, पण त्यांचं नाव आहे ते तबला सुरात लावण्यात. शनिवारी मंडळ जामसांवलीला मारुतीपुढे बसतं. सुरू व्हायच्या आधी पेटीवाले काका पेटीची एक पट्टी दाबून धरतात, बाबा मान वाकवून कान तबल्याजवळ नेतात, कडेच्या चामडी वेणीवर हातोडीची एक हलकी टिचकी मारतात, बोटानं एक ठोका देतात, पुन्हा टिचकी. देवळात नारळ फुटत असतात, लेकरं रडत असतात, घंटा चालूच असते. त्या सगळ्या गलक्यातून बाबांना तेवढा एक सूर ऐकू येतो. लहानपणी मला हे जादूसारखं वाटायचं. मोठेपणी मी त्याकडे पाहणं सोडून दिलं होतं.

माझी हौस वेगळी होती. घरी सिनेमा पाहताना आवाज चारी बाजूंनी यावा, हेलिकॉप्टर डोक्यावरून मागे जावं, अशी फार दिवसांची इच्छा. कचेरीतल्या एकाची बदली झाली तेव्हा त्याच्याकडून पाच स्पीकर आणि एक मोठा धमधम करणारा डबा असा संच घेतला. घरी आणल्यावर कळलं की आपल्या जुन्या कॉम्प्युटरला आवाजाची एकच खाच आहे, फक्त दोन स्पीकरांपुरती, आणि या संचाच्या पिना तीन. मग मोबाइलवर शोधून शोधून बाहेरून लावायचं साउंड कार्ड मागवलं. काडेपेटीपेक्षा जराशी मोठी काळी डबी. एका बाजूनं यूएसबीची वायर कॉम्प्युटरला, दुसऱ्या बाजूला तीन खाचा: पुढच्या स्पीकरांची, मागच्यांची, आणि मधल्याची व धमधम डब्याची मिळून एक. मागचे दोन स्पीकर मी दिवाणाच्या वर, भिंतीवर खिळे ठोकून लावले. पहिल्या दिवशी तपासलं तर एकेक स्पीकर क्रमानं बोलला. मी अक्षरशः टाळी वाजवली.

दोन दिवसांनी बायको म्हणाली, "अहो, ती वायर पुढे लोंबून राहिली, झाडताना झाडू अडकते." म्हणून मी ती यूएसबीची वायर कॉम्प्युटरच्या पुढच्या खाचेतून काढली आणि पाठीमागच्या खाचेत घातली. आवाज येत होता. मला वाटलं, झालं.

त्या रविवारी दुपारी मी पेटीवाल्या काकांना, शेजारच्या दोघांना आणि कचेरीतल्या एका मित्राला बोलावलं. चिवडा, चहा, आणि मी टेबलापाशी माउस धरून. बाबा आणि पेटीवाले काका दिवाणावर, बाकीचे खुर्च्यांवर. लढाईच्या एका सिनेमातला हेलिकॉप्टरचा तुकडा मी आधीच शोधून ठेवला होता. खोली दणाणली. खिडकीची काच थरथरली.

"आलं का मागून?" मी ओरडून विचारलं.

"वा, वा! एकदम टॉकीज!" मित्र म्हणाला.

"काका, तुम्हाले?"

पेटीवाल्या काकांनी मान डोलावली. "मस्त."

बाबा मात्र मान वळवून भिंतीवरच्या स्पीकरकडे पाहत होते. "मागून तर काहीच येऊन नाही राहिलं," ते म्हणाले.

"बाबा, नीट ऐका." मी तुकडा परत लावला.

"समोरूनच येऊन राहिलं सारं. मागचं मुकं हाये."

मला राग आला. आठवडाभर मी वायरी ओढल्या होत्या, खिळे ठोकले होते, आणि आता पाहुण्यांसमोर हे. त्या क्षणी मी खुर्चीवरून उठून चार पावलं दिवाणापर्यंत गेलो असतो, स्पीकरला कान लावला असता, तर पुढचं काहीच झालं नसतं. मी उठलो नाही. मी बाकीच्यांकडे पाहून हसलो आणि म्हणालो, "बाबांचे कान गेले आता. डोक्यावर स्पीकर वाजून राहिला तरी ऐकू नाही येत."

सगळे हसले. बाबांनी चहाची बशी उचलली.

ती गंमत तिथेच संपली असती, पण मी ती संपू दिली नाही. बहिणीला फोनवर सांगितली. बसमध्ये सांगितली. बाबांनी काही परत विचारलं की "कानाचं यंत्र घेऊन टाकू" असं म्हणू लागलो. त्यांना कोणत्याही डॉक्टरकडे नेलं नाही. तपासणी न करता निकाल देऊन मोकळा झालो. आणि गावात बोललेलं गावभर जातंच. दोन-तीन शनिवार गेले असतील. एकदा बाबा जामसांवलीहून परतले आणि हातोडीची पिशवी त्यांनी खुंटीवर न लावता कपाटात ठेवून दिली.

"काऊन, बाबा?"

"आता तो रामाकोना गावचा नवा मानूस लावते तबला. त्याच्या मोबाइलात सूर दाखवते, बरोबर का चूक. पेटीवाले म्हने, मास्तर, तुम्ही आराम करा." कपाटाचं दार लावून म्हणाले, "बरंच हाये. मी टाळ धरतो."

मी "हो, चांगलं आहे की" म्हणालो आणि जेवायला बसलो.

त्यानंतर महिनाभरानं माझी कंबर धरली. तीन दिवस रजा घेऊन दिवाणावर पडून होतो. दुपारी बायकोला म्हटलं, जरा एखादा सिनेमा लाव. तिनं लावला. आणि पडल्या पडल्या माझ्या लक्षात आलं की डोक्यापासून हातभर अंतरावर लटकलेल्या त्या दोन स्पीकरांतून श्वाससुद्धा येत नाही. मी भिंतीला धरून उठलो आणि कान लावला. काही नाही. दुसऱ्याला लावला. काही नाही.

कमरेवर हात ठेवून टेबलापर्यंत गेलो. आवाजाच्या सेटिंगमध्ये पाहिलं तर तिथे लिहिलेलं होतं, 'स्टिरिओ'. म्हणजे दोनच स्पीकर. यूएसबीची वायर पुढच्या खाचेतून मागच्या खाचेत गेली तेव्हा कॉम्प्युटरनं ती डबी नवीनच आहे असं समजून सगळं पहिल्यापासून मांडलं होतं. त्या रविवारी मागचे स्पीकर खरोखर मुकेच होते. खोलीतल्या सहा माणसांत एकानंच ते खरं सांगितलं होतं.

मी 'स्टिरिओ' बदलून सहा स्पीकरांचं केलं आणि तपासणीचं बटण दाबलं. पुढून खर्र, मधून खर्र, मग दिवाणाच्या वरून मोठ्यानं खर्र.

बाबा बाहेर ओट्यावर पेपर वाचत होते. ते दारात येऊन उभे राहिले. "आता आलं मागून," ते म्हणाले. चेहरा एकदम उजळला होता. "आता आलं पाह्य! काय केलं गा तू?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. बायकोही तिथेच होती. आणि मी म्हणालो, "आवाज वाढवला, बाबा. तुम्हाला ऐकू यावा म्हणून."

"हो का," बाबा म्हणाले. चेहऱ्यावरचा उजेड तसाच उतरला. ते परत ओट्यावर गेले.

मी आयुष्यात खोटं पुष्कळ बोललो आहे, कचेरीत तर रोजच. पण हे वाक्य आठवलं की आजही माझे कान तापतात. आधीची चूक अजाणतेपणी झाली होती. ही जाणून केली, आणि वर त्यात उपकार घातला.

बायकोनं सगळं पाहिलं होतं. दोन दिवसांनी भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाली, "तुम्ही बाबांना सांगणार का मी सांगू?"

पुढच्या शनिवारी मी बाबांना गाडीवर बसवून जामसांवलीला घेऊन गेलो. भजन सुरू झालं. बाबा मागच्या रांगेत टाळ घेऊन बसले होते. रामाकोन्याच्या माणसानं मोबाइल पाहून तबला लावला होता, पण देवळातल्या गलक्यात मोबाइलनं काय ऐकलं कोण जाणे. तिसऱ्या भजनापर्यंत तबल्याचा सूर उतरला. मला ते कळलं नाही. मला बाबांवरून कळलं. त्यांच्या कपाळाला एक आठी पडली, टाळ एकदा चुकला, आणि त्यांचा उजवा हात मांडीवर अशी टिचकी मारू लागला, जशी हातोडीनं मारतात. पेटीवाल्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग खाली पाहिलं आणि टाळ वाजवत राहिले.

परत येताना अर्ध्या वाटेत संत्र्याच्या बागांपाशी मी गाडी थांबवली. समोर पाहूनच बोललो. वायर, खाच, स्टिरिओ, सगळं सांगितलं. "तुमचे कान चांगले आहेत, बाबा. मी न तपासता बोललो. आणि त्या दिवशी आवाज वाढवला म्हणालो, तेही खोटं."

बाबा गाडीवरून उतरले. मग म्हणाले, "मले तवाच वाटलं होतं का स्पीकर बंद हाये."

"मग बोलले काऊन नाही?"

"बोललो ना. तुम्ही हसले." आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "पाचजन म्हनतात ऐकू येते, अन् आपल्याले येत नाही. मंग मानूस आपल्याच कानाले खोटं धरते. रात्री उठून मी घड्याळाची टिकटिक ऐकत बसो, येते का म्हनून. येत होती. तरी भरोसा नाही बसला."

मला हे माहीत नव्हतं. एकाच घरात राहून माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पेटीवाल्या काकांच्या घरी गेलो आणि त्यांनाही सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "खरं सांगू का," ते म्हणाले, "मलेही मागून काही आलं नव्हतं. तू एवढ्या हौसेनं दाखवून राहिला होता, म्हनून मस्त म्हटलं. मंग तूच म्हनला मास्तरचे कान गेले, तर मी म्हटलं घरचा मानूस सांगून राहिला." ते उठले, चपला घातल्या आणि माझ्याबरोबरच आमच्या घरी आले. बाबांसमोर उभे राहून म्हणाले, "मास्तर, चुकलं. शनिवारी तबला तुम्हीच लावा."

बाबा लगेच हो म्हणाले नाहीत. रामाकोन्याच्या माणसाला वाईट वाटेल, म्हणाले. पण पुढच्या वेळी त्या माणसानंच तबला उचलून त्यांच्यापुढे ठेवला.

आता तबला बाबाच लावतात, आणि जमलं तर मी सोबत जातो. फरक एवढाच आहे की लावून झालं की ते एक ठोका देतात, मान वर करतात आणि पेटीवाल्यांना विचारतात, "जमलं का?" पूर्वी ते कधीच कुणाला विचारत नव्हते. काका "जमलं, मास्तर" म्हणतात. मग बाबा माझ्याकडे बघतात. मला सुरातलं काही कळत नाही, हे त्यांना माहीत आहे. तरी ते बघतात, आणि मला मान हलवावी लागते.