पदराआडचे सहा दिवस

गुंताबाईला बसवत नव्हतं. तालुक्याच्या कचेरीतल्या बाकावरून ती चारदा उठली. सातपुड्याच्या पायथ्याशी चर खोदायच्या कामावर तिने सहा दिवस कुदळ मारली, आणि मशीनने सहाही दिवस तिला गैरहजर धरलं. आणखी एक दिवस तसाच गेला, तर यादीतून नावच कमी होणार होतं.

हजेरीचे फोटो फोनवर निघत. सकाळचा कामावरचीच सरिता काढायची, संध्याकाळचा मुकादम नथ्थू. नथ्थू तिचा जेठ, नवऱ्याचा थोरला भाऊ. जेठासमोर उघड्या तोंडाने उभं कसं राहायचं? संध्याकाळी त्याचा फोन समोर आला की तिचा पदर हनुवटीपर्यंत उतरायचा. दोन्ही फोटो जुळवणाऱ्या मशीनला दोन वेगळ्या बाया दिसल्या.

राज्याचा नवा कायदा आला होता. सरकारी कामात मशीनने नाकारलं, तर माणसाने स्वतः तपासायचं आणि कारण लिहून द्यायचं. कचेरीत ते काम बघणाऱ्या मोनाली मॅडमनी संध्याकाळचा फोटो मोठा केला.

"यात नुसता पदर आहे, ताई. मी तरी कशी ओळखू?"

"ती मीच शे!"

मॅडम दाराशी उभ्या मुकादमाकडे वळल्या. "नथ्थूभाऊ, तुम्ही सांगा."

"मी वीस वर्षांत तिचं तोंड पाहिलं नाही," नथ्थू खाली बघत म्हणाला. शिपाई फिसकन हसला. "पण काम पाहिलंय. तिच्या चराला वाक नसतो."

"मग पुढच्या आठवड्यात जागेवर येते."

"पाऊस पडला की काठ ढासळतील. मग काय दाखवू?" गुंताबाई पुन्हा उठली. "माणसाने बघायचं म्हणता ना? मग आजच बघा!"

दुपारी तिघं डोंगरावर पोचली. मॅडम म्हणाल्या, "हातभर खोदून दाखवा."

पदर तोंडावर असला की कुदळ चालत नाही. गुंताबाईने तो कमरेला खोचला. नथ्थू टेप घेऊन चराच्या दुसऱ्या टोकाला गेला. एक घाव तिरपा, एक सरळ. माती उताराच्या बाजूला. मॅडमनी जुन्या काठावरून नव्या काठावर हात फिरवला. कुठे अडला नाही. त्यांनी तिथेच कागदावर लिहिलं: काम पाहून सहा दिवस हजर.

संध्याकाळी नथ्थूने पाठमोऱ्यानेच फोन मागे धरला. "सरिता, आजपासून संध्याकाळचेही फोटो तूच काढ."

गुंताबाई उघड्या तोंडाने उभी राहिली. नजर मात्र नथ्थूच्या पाठीवर.

"काढ ना लवकर," ती पुटपुटली. "ते वळतील."