दम मला लागतो, उत्तर हे देतात!

मंडळी, आत्ताच चिंचवडहून घरी आले. डोकं इतकं तापलंय की चहा ठेवायच्या आधी हे लिहायला बसले.

माझ्या हृदयाची एक झडप नीट उघडत नाही. चाकणच्या आमच्या डॉक्टरांनी हार्टच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं होतं. त्यासाठी ह्यांनी महाळुंग्याच्या कंपनीतून आज सुट्टी काढली.

डॉक्टरांनी मला विचारलं, "जिना चढताना दम लागतो का?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "न्हाई ओ साहेब, तिला कायपण होत न्हाई. घरातलं सगळं तीच करती."

अहो, वर्षभरात मी जिना चढलेच नाहीये! कपडे गच्चीवर नेत नाही, गॅलरीतच वाळत घालते. दळण लेक आणते. बाजारातून येताना दोनदा कुणाशी तरी बोलायच्या निमित्ताने थांबते, कारण पुढे चालवत नाही.

हे सगळं मी तिथेच सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "मग ऑपरेशन फार लांबवू नका."

तर हे म्हणतात, "घरी इचारून सांगतो."

घरी कुणाला? झडप माझ्या छातीत आहे आणि मी शेजारच्याच खुर्चीत बसले होते! पुढच्या तपासण्यांची वेळ मीच घेऊन आले.

घरातल्या बाईला "काही त्रास आहे का" विचारलंत तर ती नाहीच म्हणणार. त्यापेक्षा "काय काय करायचं सोडलंस" असं विचारा. आणि उत्तर तिचं तिला देऊ द्या.