डायनामोबाई आणि गुलब्याचा उजेड

फिरणारी कोणतीही वस्तू दिसली की डायनामोबाई थांबायच्या आणि जवळ जो कुणी असेल त्याला विचारायच्या, "हे कोण फिरवतंय?" मग ती पिठाची गिरणी असो, विहिरीवरची मोटार असो, नाहीतर हेडमास्तरांच्या डोक्यावरचा पंखा. पंख्याबद्दल विचारलं तेव्हा हेडमास्तर म्हणाले, "शिपाई. त्यानंच बटण दाबलं." बाईंनी मान हलवली. "बटणामागे तार, तारेमागे खांब, खांबामागे डीपी. आणि डीपीच्या मागे, सर? लांब कुठंतरी काहीतरी गरागरा फिरतंय, म्हणून हा पंखा फिरतोय." हेडमास्तर बराच वेळ वर बघत राहिले आणि मग त्यांनी पंखा बंदच करून टाकला.

कळस आणि लासुर्णे यांच्यामध्ये कुठंतरी आमचं गाव. नव्वदच्या दशकात तिथल्या हायस्कुलात बाई नववीला विज्ञान शिकवायच्या. रोज बारामतीहून पहिल्या एसटीनं यायच्या. रविवारी बारामतीच्या बुद्धविहारात पोरांचे वर्ग घ्यायच्या, त्यामुळे सुट्टी हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. त्यांच्या पर्समध्ये सायकलचा एक जुना डायनामो कायम असायचा. जेवणाचा डबा घरी राहिला तर त्यांच्या ते दुपारपर्यंत लक्षातही यायचं नाही. एकदा डायनामो घरी राहिला, तेव्हा मात्र दिवसभर तोंड उतरलं होतं. नाव त्यावरून पडलं. बाईंना ते ठाऊक होतं आणि बहुतेक आवडतही होतं.

शाळेत विज्ञानाचं एक कपाट होतं. त्यात चुंबकं, तारेची वेटोळी, काटा हलणारी मापकं, सगळं होतं म्हणे. 'म्हणे' अशासाठी की किल्ली हेडमास्तरांच्या खिशात असायची. बाई दर सोमवारी किल्ली मागायच्या.

"बाई, पंधरा वर्षांत त्यातली एक वस्तू फुटलेली नाही," हेडमास्तर अभिमानानं सांगायचे.

"सर, पंधरा वर्षांत त्यातली एक वस्तू कुणी बघितलेलीही नाही."

पुढच्या सोमवारी पुन्हा तेच.

कपाट मिळालं नाही म्हणून बाईंनी वीज आम्हाला मेंढरांवरून शिकवली. माझ्या आजोबांची मेंढरं होती. माझ्या जन्माआधीच ती विकून आम्ही शेतीला लागलो होतो, आणि वडील उन्हाळ्यात रस्त्याला रसवंती लावायचे. पण आजोबांच्या गोष्टींतून मेंढरं काही गेली नव्हती. विज्ञानात मी इतकी कच्ची होते की बाई प्रश्न विचारायला लागल्या की मी बेंचखाली पेन शोधायची. त्या दिवशी त्यांनी मला उभं केलं आणि विचारलं, "सुरेखा, वाड्यात मेंढरं दाटीनं उभी आहेत. ती हलवायची कशी?"

"कुत्रं सोडायचं, बाई."

"आणि कुत्रं नुसतं बसून राहिलं तर?"

"मग न्हाय हलत. कुत्रं पळाय पायजे."

बाईंनी खडू टेबलावर आपटला. "झालं! तारेच्या आत बारीक कण असतात, ती मेंढरं. चुंबक म्हणजे कुत्रं. वेटोळ्याशेजारी चुंबक नुसतं ठेवलं तर काही होत नाही. ते हलवत राहिलं तर तारेतली मेंढरं हलतात, आणि मेंढरं हलली की वीज. जगातलं बहुतेक प्रत्येक वीजघर एवढंच करतं. कुत्रं पळवायला कुणी धरणाचं पाणी वापरतं, कुणी कोळशाची वाफ." मग सगळा वर्ग मेंढरं झाला आणि मी कुत्रं. शेजारच्या वर्गात इतिहासाचा तास चालू होता, तो बंद पडला.

चाचणीत मी 'वीजनिर्मितीचे तत्त्व स्पष्ट करा' या प्रश्नाला पानभर उत्तर लिहिलं. त्यात चुंबक एकदा आलं आणि कुत्रं सात वेळा. बाईंनी पैकीच्या पैकी गुण दिले. हेडमास्तरांनी पेपर पाहिला आणि बाईंना बोलावून घेतलं. "बोर्डाच्या परीक्षेत कुत्रं चालेल का?" बाई म्हणाल्या, "बोर्डाच्या परीक्षेपर्यंत ती 'चुंबक' लिहायला लागेल. कुत्रं कळलं नसतं तर काहीच लिहिलं नसतं." हेडमास्तरांनी खिशावर हात ठेवला आणि जाहीर केलं, "बारामतीच्या विज्ञान प्रदर्शनात आपल्या शाळेचं नाव काढून दाखवा. मग किल्लीचं बघू."

दुसऱ्याच दिवशी बाई आमच्या घरी आल्या. रसवंती सुरू व्हायला अजून महिना होता आणि घाणा ओढणारा आमचा बैल गुलब्या गोठ्यात नुसता बसून होता.

"बैल मोकळाच हाय," माझे वडील, म्हणजे तात्या, म्हणाले. "पन बाई, त्याला शॉक बसंल का?"

"नाही हो तात्या. तो वीज देणार आहे."

तात्यांनी गुलब्याकडं नव्यानं पाहिलं. "म्हंजी शेण आन् लाईट, दोनी त्याच्याकडनंच?"

योजना सोपी होती. जमिनीत एक खुंटा रोवायचा. खुंट्याला आडवं लाकूड, लाकडाला बैल आणि लाकडाच्या टोकाला सायकलचं चाक. बैल गोल फिरला की चाक जमिनीवरून पळणार. चाकाला डायनामो टेकवलेला आणि त्याला बॅटरीतला एक छोटा बल्ब. अंगणात बघितलं, तेव्हा गुलब्या चालला आणि बल्ब खरंच मिणमिणला. आमच्या आजीनं आधी बल्बला आणि मग गुलब्याला हळदकुंकू लावलं.

बारामतीच्या मैदानावर आमच्या शेजारी दुसऱ्या एका शाळेनं धरण मांडलं होतं. थर्माकोलची भिंत, निळं पाणी आणि खाली लाभक्षेत्र म्हणून ट्रेमध्ये उगवलेला खराखुरा हिरवागार गहू. मी ते बाईंना दाखवलंही. त्या वायर सोलत होत्या, म्हणाल्या, "छान केलंय." प्रत्येक फेरीला गुलब्या त्या बाजूला मान वळवत होता. आम्हाला वाटलं, तो माणसं बघतोय.

उद्घाटनाला आलेले साहेब आमच्यासमोर उभे राहिले आणि गुलब्याचा धीर सुटला. तो एकदम उधळला. चाक वाऱ्यासारखं फिरलं, बल्ब कधी नव्हे एवढा लख्ख पेटला आणि पट्कन उडाला. "बघितलंत? वेग वाढला की व्होल्टेज वाढतं!" बाई आनंदानं ओरडल्या. तेवढ्यात खुंटा उपटला गेला, आणि गुलब्यानं धरणाचं पाऊण लाभक्षेत्र खाऊन टाकलं. त्या शाळेचे सर "धरलं का? धरलं का?" म्हणत नाचत होते. तात्या गुलब्याला सोडून खुंट्यालाच समजावत होते.

आम्ही खुंटा परत ठोकला, नवा बल्ब लावला. पण पोट भरलेला गुलब्या रवंथ करत बसला तो बसलाच. साहेब घड्याळ बघायला लागले. मला रडू यायला लागलं. शाळेचं नाव निघालं होतं खरं, पण भलत्याच कारणानं.

तेव्हा हेडमास्तर पुढं आले. त्यांनी सफारीच्या बाह्या सरसावल्या, गुलब्याला सोडवून लाकूड छातीला लावलं आणि चालायला लागले. एक फेरी, दोन फेऱ्या. बल्ब मिणमिणला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि ते पुढच्या टेबलाकडं गेले, तरी हेडमास्तर थांबेनात. थांबले की विझायचा, चालले की पेटायचा. ते मुद्दाम थांबून बघत होते, पुन्हा चालत होते.

"बाई," ते धापा टाकत म्हणाले, "हा उजेड माझा आहे?"

"हो सर. तुमच्या सकाळच्या भाकरीचा."

पहिलं बक्षीस धरणाला मिळालं, दया म्हणूनही असेल. आम्हाला उत्तेजनार्थ. परतताना टेम्पोत हेडमास्तरांनी खिशातून किल्ली काढून बाईंच्या हातावर ठेवली. त्या वर्षी कपाटातल्या तीन वस्तू फुटल्या. दोन हेडमास्तरांनी स्वतः फोडल्या.

मी दहावी झाले त्या जूनमध्ये बाईंची बदली लांब, नाशिककडं झाली. जाण्याआधी त्या तात्यांना म्हणाल्या, "सुरेखाला सायन्सला घाला. बारामतीला माझ्या आईजवळ राहील." तात्यांनी दोन दिवस विचार केला आणि मग ज्वारीचं पोतं घेऊन मला तिथं सोडून आले.

अकरावीच्या पहिल्याच चाचणीत मी फिजिक्समध्ये नापास झाले. कॉलेजात मेंढरं कुणाला कळत नव्हती. सगळं इंग्रजीत होतं. मी पिशवी भरली आणि बाईंच्या आईला सांगितलं, "आजी, मी गावाला जाते. मला न्हाय जमायचं."

पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून आजींनी एक पिवळा पडलेला पेपर काढला. वर बाईंचं नाव होतं, अकरावी, विषय फिजिक्स, धडा विजेचा. लाल शाईत गुण होते, पन्नासपैकी नऊ.

"तुला दाखवू नको म्हणली होती," आजी म्हणाल्या. "आठ दिवस जेवली न्हाय गं. मग म्हणली, समजत न्हाय तवर सोडायचं न्हाय. भाकरी थापलीय, येतीस का?"

मी कपडे पुन्हा खुंटीला अडकवले आणि जेवायला बसले.