बाबांचा बिनआवाजी राग

बाबा गेल्याचा फोन सुषमाने, माझ्या बायकोने, खालच्या केमिस्टच्या दुकानातून माझ्या ऑफिसात केला. "बाबा गेले. झोपेतच. अगदी शांतपणे." माझ्या तोंडून निघून गेलं, "आपलेच बाबा?" शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती गेले सहा आठवडे माझ्या पाठीवर आहे. पण खरंच सांगतो, 'बाबा' आणि 'शांतपणे' हे दोन शब्द आमच्या जोगेश्वरीच्या घरात कधी शेजारी बसलेच नव्हते…

बाबा मूळचे मालवणकडचे. परळच्या एका गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे शेकडो मागांच्या खडखडाटात त्यांनी चौतीस वर्षं काढली. संपानंतर गिरणी उघडलीच नाही. आई आधीच गेलेली, तेव्हा परळची खोली सोडून ते आमच्या दोन खोल्यांत राहायला आले. पहिलं वर्ष बरं गेलं. मग राग वाढायला लागला. भाजीत मीठ कमी, राग. पेपर उशिरा, राग. सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात नमस्कार केला नाही, राग, दुसऱ्या दिवशी केला, तर "काल खय गेल्लो तुमचो नमस्कार?" म्हणून राग. एकदा त्यांनी ताट असं काही ढकललं की ते थेट उंबऱ्यापर्यंत गेलं आणि वाटीभर साखर मागायला आलेल्या शेजारीणबाईंना आमटीसकट सामोरं गेलं. त्यानंतर आमच्याकडे साखर मागायला कुणी आलं नाही, हा एक फायदाच.

ऐकूही कमी यायला लागलं होतं. जरा मोठ्याने बोललं की "माझ्यार आवाज चढयतंस?" तेव्हा मी एक नामी युक्ती काढली. माझ्या नामी युक्त्यांचा इतिहास ठाऊक असूनही सुषमा फसली. घर लहान, बोलायला आडोसा नाही, म्हणून आम्ही बाबांविषयी त्यांच्या समोरच, पण आवाज न काढता, नुसते ओठ हलवून बोलायला लागलो. जेवताना मी ओठांनी विचारायचो, आज कितीदा भडकले? ती ओठांनीच सांगायची, चारदा, आणि मघापासून पाचव्याची तयारी चाललीय. आम्ही हसू दाबायचो. बाबा घास थांबवून आमच्याकडे टक लावून बघायचे आणि मिनिटभरात पाचवा स्फोट व्हायचा. बघ, मी ओठांनी म्हणायचो, यांना काही कारण तरी लागतं का!

असं वर्षभर चाललं. सुषमा पार थकली. शेवटी मी गावी थोरल्या भावाला पत्र घातलं, की बाबांना आता तू सांभाळ. त्याचा होकार आला, मी एसटीचं तिकीट काढलं. बाबांना हवापालट म्हणून सांगायचं आणि परत आणायचं नाही, हे आम्ही चहा पिता पिता, त्यांच्यापासून चार हातांवर, ओठांनीच ठरवलं. त्या दिवशी ते रागावले नाहीत. उठले आणि आपली ट्रंक पुसायला लागले. मला वाटलं, चला, आजचा दिवस बरा गेला.

निघायच्या आधीच्या रविवारी बाबांचे जुने सोबती दाजी भेटायला आले. गिरणीत बाबांच्या शेजारचे साचे तेच चालवायचे. मी चहा घेऊन गॅलरीत गेलो, तर दोघे म्हातारे समोरासमोर बसलेले, आवाज अजिबात नाही, पण ओठ आणि हात भराभर चाललेले. मध्येच दाजी मांडीवर थाप मारून हसले. मी थट्टेने विचारलं, आज मौनव्रत का? त्यावर दाजी सांगू लागले, की साचेखात्यात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे, सगळं बोलणं असंच चाले. नवा माणूस महिना-दोन महिन्यांत तोंड वाचायला शिके, आणि तुझा बाप तर चार साच्यांपलीकडून साहेबाच्या शिव्या वाचून आम्हाला सांगायचा… मी कप दाजींपुढे केला. तो घेऊन दाजी खाली बघत म्हणाले, "तेका हयसून धाडतास, ता माका आताच सांगल्यान. परत हाडूचा नाय, ता पण सांगल्यान."

वर्षभर आम्ही काय काय बोललो होतो, ते सगळं डोळ्यांपुढून गेलं. त्या वर्षापुरतं तरी मीठ बिचारं निर्दोष होतं. मी कसंबसं विचारलं, "बाबा, कळत होतं तर बोलला का नाहीत?"

"मगे तुमी भायर जावन बोलला असतास," बाबा म्हणाले. "हयसर निदान माझ्यासमोर तरी बोलत होतास."

मी खाली बसलो. त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन, आवाज न काढता म्हटलं, चूक झाली, जाऊ नका. त्यांनी ते वाचलं. मग त्यांचे ओठ बराच वेळ, साचेखात्याच्या वेगाने, हलत राहिले. मला एक अक्षर कळलं नाही. दारात उभ्या सुषमाकडे बघितलं, तिलाही नाही. तेव्हा बाबा आवाजात म्हणाले, "आदी नीट शिका. मगे बगूया." दुसऱ्या दिवशी मी तिकीट परत केलं.

राग गेला असं कुणी समजू नये. तो होता तसाच राहिला, फक्त त्याचा आवाज बंद झाला. सोसायटीत लोक म्हणू लागले, बाबा हल्ली निवळले. इकडे घरात बाबा मला अस्सल मालवणी शिव्या हासडत असायचे आणि मी काही न कळून मान डोलवायचो. सुषमा मात्र महिन्याभरात तरबेज झाली. मग संध्याकाळी दोघं गॅलरीत भाजी निवडत माझ्यादेखत माझी उणीदुणी काढत. बाबांचे खांदे हसून गदगदायचे. मी पेपर खाली करून बघितलं की दोघांचे ओठ मिटलेले, चेहरे साळसूद. चार वर्षं मी हे सोसलं… झकास सोसलं.

परवा रविवारी आंघोळ करून बाहेर आलो. गॅलरीत बाबांची वेताची खुर्ची रिकामी, आणि तिच्यासमोर पाटावर सुषमा मटार सोलत बसलेली. तिचे ओठ हलत होते. आवाज नाही. मध्येच ती थांबली, खुर्चीकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसली. मग मी दिसलो, तशी पुन्हा मटार सोलायला लागली.

काय चाललंय, असं मी विचारलं नाही. माझ्याबद्दलच असणार.