हळदीच्या दोरीची खुर्ची

विश्रामबागेतल्या आमच्या घराला पुढे छोटा व्हरांडा आहे. दुपार कलली की तिथे ऊन येतं, पातळ कढीसारखं, पिवळट आणि कोमट. त्या उन्हात बसलं की डोळे आपोआप मिटतात, आणि आपण सांगलीत आहोत की गावाकडे औंधला, हेही थोडा वेळ कळेनासं होतं. मला तर होतं बाई तसं.

या व्हरांड्यात आमची वायरची खुर्ची असायची. तुमच्याकडेही असेल कधी काळी. लोखंडी सळ्यांचा गोल, टोपलीसारखा सांगाडा आणि त्यावर हिरव्या-पांढऱ्या प्लास्टिकच्या वायरी ताणून विणलेल्या. आमचे हे फौजेत होते, तेव्हा एकदा सुट्टीवर येताना घेऊन आले. रेल्वेतून उतरवली, मग एसटीच्या टपावर बांधली आणि औंधला आणली. आख्खी गल्ली बघायला आली, पण बसायचं धाडस कुणी करेना. माझा मुलगा तेव्हा तान्हा होता. मी त्याला त्या खुर्चीत निजवायची आणि खाली जमिनीवर आडवी व्हायची. वायरींच्या जाळीतून वर बघितलं की यमाईचा डोंगर तुकड्यातुकड्यांत दिसायचा. मधे बाळाची गुलाबी टाच. बघता बघता मलाच झोप लागायची.

पुढे मुलाची नोकरी सांगलीत लागली, आम्ही इकडे आलो, खुर्चीही आली. निवृत्तीनंतर ती यांची झाली. सकाळ-संध्याकाळ तिच्यात बसायचं, फाटकाबाहेरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारायची, कुणाचा ऊस तुटला, कुणाचं पोर भरती झालं ते विचारायचं. यांचं जग त्या फाटकातूनच आत यायचं म्हणा ना.

मागच्या उन्हाळ्यात हे बसले आणि वायरी एकामागोमाग एक तुटल्या. उन्हाने कधीच कडक झाल्या होत्या, आमच्या लक्षात आलं नव्हतं. हे त्या भोकात बसले अडकून, गुडघे छातीशी! मी आणि सूनबाईनं ओढून काढलं. हाड मोडलं नाही, पण मन बिचकलं. त्या दिवसापासून हे व्हरांड्यात यायचे बंद झाले. मुलानं दुसरी खुर्ची आणली, तिला हात लावला नाही. "बाहीर लय ऊन हाय," म्हणायचे. संध्याकाळी ऊन नसायचं तेव्हा म्हणायचे, "बाहीर लय डास हायत." आत कॉटच्या कडेला भिंतीकडे तोंड करून बसायचे. बोलणंही कमी झालं. मला खुर्चीचं काही नव्हतं हो. हा माणूस असाच एक एक पाऊल आत सरकत जाईल, याची भीती होती.

मी सांगाडा भंगारात द्यायला काढला तर सूनबाई आडवी आली. तिला जुन्या वस्तू नव्या करायचा नाद आहे. माझ्या लग्नातल्या टेबललॅम्पची फाटकी छत्री काढून तिनं केळीच्या खोडाच्या वाळक्या सोपटाची लावली, आता दिवा लावला की भिंतीवर त्याच्या शिरा उमटतात. रेडिओखालची तिपाई घासून तिला जांभळाचा रंग दिला.

"आई, हा आकार आता मागून मिळत नाही. सांगाडा ठणठणीत आहे. फक्त प्लास्टिक नको."

"मग काय, गवत विणणार?"

"जवळजवळ तेच!" ती हसली.

गंज घासून तिनं सळ्यांना मोराच्या मानेचा निळा दिला. पाठीसाठी माझ्या भावाकडून घायपाताचा दोर मागवला. औंधकडे बांधावर घायपात होतो, त्याचा दोर जनावरं बांधायला वापरतात, पाण्याला हटत नाही. पण तो अंगाला टोचतो. म्हणून बैठकीला मऊ दोरी हवी होती. माझ्या ट्रंकेत सासऱ्यांची धोतरं होती, धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. ती आम्ही फाडली. पट्ट्या पिळून दोरी करायला आठवडा गेला असेल. दुपारभर आम्ही दोघी समोरासमोर बसायचो, ती एक टोक धरायची, मी दुसरं पिळायची. बोलणं थांबायचं, हात चालू राहायचे, आणि मला वाटायचं आम्ही दोघी मिळून एक लांबलचक दुपारच पिळतो आहोत.

रंग मात्र मी ठरवला. सांगलीत राहून दुसरा रंग कुठून आणायचा? मोठ्या पातेल्यात हळद उकळली, दोऱ्या बुडवल्या, आणि गच्चीवर टाकल्या तेव्हा असा पिवळा निघाला, काय सांगू! घरभर लग्नघराचा वास. पण तो रंग यांच्या पांढऱ्या पायजम्याला लागणार, ही काळजी. सूनबाई म्हणाली, जादाचा रंग धुऊन काढू. आणि मी शहाणी, बादलीत मूठभर धुण्याचा सोडा टाकून मोकळी झाले.

दोऱ्या बादलीत गेल्या पिवळ्या आणि निघाल्या लालभडक.

आता बघा, हळदीचा डाग साबणानं लाल होतो हे कोणत्या बाईला माहीत नाही? हळदीचं कुंकू होतं ते याच गुणानं. पण त्या घडीला दोघींच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही बादलीशी उभ्या, हात कोपरापर्यंत लाल. काय करावं सुचेना, म्हणून सूनबाईनं दोऱ्या व्हरांड्याच्या कठड्यावर टाकल्या.

तेवढ्यात मागून आवाज आला, "काय गं, मिरच्या वाळत घातल्यात व्हय?"

हे दारात उभे होते. उंबऱ्याच्या आत, पण उभे. मी काहीच दाखवलं नाही.

"मिरच्या न्हाईत, तुमची खुर्ची हाय," मी म्हणाले. यांच्याशी बोलताना माझी जीभ आपोआप औंधला जाते.

"ही? हिच्यात बसलो तर लोक म्हणतील म्हाताऱ्याला रक्त लागलंय."

"बाबा, चिंचेच्या कोळात बुडवलं तर परत पिवळं होईल," सूनबाई म्हणाली. तिला आता सगळं आठवत होतं.

काही दोऱ्या आम्ही चिंचेच्या पाण्यात घातल्या. काही पुन्हा झाल्या हळदीच्या, काही मधेच थांबल्या, पिकल्या आंब्याच्या सालीसारख्या. उरलेल्या लालच ठेवल्या, त्या सुकून विटकरी झाल्या. "हा रंग थोड्या दिवसांनी उन्हानं उडणार आहे हं," सूनबाई म्हणाली. मी म्हटलं, उडू दे, परत उकळू. घरात हळदीला तोटा आहे का?

दुसऱ्या दिवशी विणायला घेतलं. सूनबाई मोबाईलवर बघून विणत होती आणि हे दारातून बघत होते. थोड्या वेळानं यांना राहवेना.

"पोरी, ढिली पडतीय. बाज विणताना दुसऱ्यानं दोरीचा एकेक वेढा दाबून धरायचा असतो, मग पुढं जायचं."

"मग धरा की बाबा! माझे हात दोनच आहेत."

हे उंबऱ्यावर घुटमळले, मग चौकटीला धरून बाहेर आले आणि पायरीवर बसले. दोरीवर अंगठा ठेवला. ती ओढायची, हे दाबायचे. "आवळ. आणखी आवळ. आता सोडू नको." दोघांची बोटं पिवळी झाली. कढीसारखं ऊन पायरीवर चढत आलं, तरी कुणाला त्याची आठवण झाली नाही.

विणून झाल्यावर मात्र हे खुर्चीपासून लांब उभे राहिले.

"आधी तू बस," मला म्हणाले.

"म्हंजे तुटली तर मी पडू?"

"तुझ्यानं न्हाई तुटली तर कुणाच्यानंच तुटायची न्हाई."

सूनबाई पदर नव्हता म्हणून तोंडावर हातच धरून हसली. मी बसले. दोऱ्या जराशा कुरकुरल्या, मग शांत झाल्या. मी उठले आणि मुद्दाम आत गेले, ओट्यावर उगाच भांडी हलवत राहिले. खिडकीतून दिसत होतं. यांनी एका हातानं बैठक दाबून बघितली. मग दोन्ही हातांनी. मग दोन्ही बाजूच्या निळ्या सळ्या घट्ट पकडून हळूहळू खाली बसले. बराच वेळ पकड सुटली नाही.

फाटकाबाहेरून दूधवाला गेला. त्यानं लांबूनच हाक मारली, "आवं, बरं हाय न्हवं? लय दिसांनी!"

हे म्हणाले, "हाय की," आणि उत्तर देण्यासाठी एक हात सळीवरून उचलला. तो परत सळीवर गेला नाही, मांडीवर पडला. थोड्या वेळानं दुसराही. मग मान एका बाजूला कलली.

मी बाहेर आले तेव्हा हे झोपले होते, बारीक घोरत. सूनबाईनं पडलेले दोरीचे तुकडे आवाज न करता गोळा केले, आणि आम्ही दोघी पायरीवर बसून राहिलो.